दहा दिवसांची वाट आणि पाऊण तासाचे विमान

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लहान खासगी विमान बाळगण्याचा खर्च, त्यातल्या अडचणी, त्यातला आनंद आणि धाराशिवच्या धावपट्टीचा उपयोग



लहान खासगी विमान म्हणजे एका इंजिनाचे, दोन ते सहा माणसांचे, पेट्रोलच्या जातीच्या इंधनावर चालणारे आणि मालकाला स्वतः चालवता येणारे विमान. पुढारी आणि उद्योगपती ज्यातून ये-जा करतात ती जेट विमाने वेगळी. त्यांना पगारी वैमानिक असतात, आणि त्यांचा हिशोब कंपनीच्या वहीत बसतो. या पत्राचा विषय त्यांच्याहून फार लहान आहे. सेसना 172 हे त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. 1956 मध्ये हे विमान बनायला लागले आणि आजवर 44,000 हून अधिक बनली आहेत. जगात दुसरे कोणतेही विमान इतक्या संख्येने बनलेले नाही. चार माणसे, त्यांचे सामान आणि इंधन मिळून उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन जास्तीत जास्त 1,157 किलो भरते. रिकामी बोलेरोसुद्धा याहून जड असते. वेग ताशी दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर, टाकी 212 लिटरची आणि खप तासाला सुमारे 35 लिटर.

अशा विमानाचा मराठवाड्याशी काय संबंध, हा प्रश्न तेरमधून विचारला तर त्याचे उत्तर फार जुने आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या वर्णनात तगर नगरीचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर आहे, तिथून कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला नेतात, असे तो सांगतो. हे तगर म्हणजेच तेर, हे इतिहास-संशोधक फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिले. पैठण ते तेर हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सेसना ते पाऊण तासात कापते. धाराशिवहून पुणे सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे सव्वा तास. बारामती पाऊण तास. लहान विमान खरे उपयोगाचे असते ते अशाच अंतरांना: मोटारीने अर्धा दिवस जातो, आणि मोठ्या विमान कंपनीला तिथे उतरणे कधी परवडणार नाही.

तरीही या भागात असे विमान बाळगणारा माणूस सहसा दिसत नाही. विमान महाग असते म्हणून, असे चटकन म्हटले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. विमानाच्या किमतीपेक्षा ते उभे राहण्याची किंमत जास्त जाचते, आणि ते उभे राहते ते बहुतांशी मालकाच्या हातात नसलेल्या कारणांमुळे.

नवे सेसना 172 आज चार लाख डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या घरात. त्यावर वस्तू व सेवा कर. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर हा कर 40 टक्के आहे. त्याआधी 28 टक्के आणि वर 3 टक्के भरपाई उपकर होता. हेच विमान वैयक्तिक वापराखेरीज दुसऱ्या कामासाठी घेतले तर कर 5 टक्के. एकच यंत्र, तेच पंख, तेच इंजिन. एका नावावर सुमारे सतरा लाखांचा कर आणि दुसऱ्या नावावर सुमारे एक कोटी चाळीस लाखांचा. चैनीच्या नौका ज्या रकान्यात आहेत त्याच रकान्यात हे बोलेरोपेक्षा हलके विमान बसवले आहे. ज्या जेटची किंमत शंभर कोटी आहे आणि ज्या विमानात दोन माणसे जेमतेम मावतात, त्या दोघांना कायदा एकाच नजरेने पाहतो. कर ठरवणे वस्तू व सेवा कर परिषदेचे काम आहे, हे खरे. पण वजनाची आणि इंजिनाच्या जातीची रेषा कुठे ओढावी, हे परिषदेला सांगू शकेल असे खाते एकच आहे, आणि ते नागरी विमान वाहतुकीचे.

जुने विमान हा जगभरातल्या मध्यमवर्गीय हौशी वैमानिकांचा आधार. अमेरिकेत चाळीस-पन्नास वर्षांची सेसना आजही रोज उडतात, कारण विमानाचे वय वर्षांपेक्षा देखभालीच्या वहीवरून ठरते. भारतात जुन्या विमानाच्या आयातीवर वयाचे निर्बंध आहेत. त्यामागची सुरक्षिततेची चिंता समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम असा होतो की स्वस्त दार बंद आणि महाग दारावर 40 टक्के.

किमतीनंतर इंधन. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ या लहानशा एकइंजिनी विमानातून मुंबईला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. टाटांच्या हवाई टपालसेवेची सुरुवात या विमानाने आणि त्या बैलगाडीने झाली. आज धाराशिवला कोणी सेसना आणून ठेवले तर त्याला लागणारे इंधन बॅरलमधूनच येणार. मोठ्या विमानांचे इंधन रॉकेलच्या जातीचे. लहान विमानाच्या इंजिनाला ते चालत नाही. त्याला अ‍ॅव्हगॅस लागते. हे अ‍ॅव्हगॅस कित्येक वर्षे पूर्णपणे परदेशातून येत असे. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवलेले देशी अ‍ॅव्हगॅस बाजारात आणले. चांगली गोष्ट झाली. मात्र रिफायनरीतून धावपट्टीपर्यंतची वाट अजून तशीच आहे. दोनशे लिटरचा बॅरल सेसनाला सहा तासही पुरत नाही. बॅरल मागवायचा, तो सावलीत आणि पाण्यापासून दूर ठेवायचा, हातपंपाने गाळणीतून टाकीत भरायचा. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी हे जमून जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्या मालकासाठी बॅरलची गाडी येते, तेव्हा वाहतुकीचा सगळा भार त्या एका बॅरलवर पडतो.

यावर एक तोडगा जगाने काढलेला आहे. रोटॅक्स 912 हे ऑस्ट्रियात बनणारे इंजिन मोटारीच्या साध्या पेट्रोलवर चालते. दोन आसनांच्या हलक्या विमानांत ते जगभर बसवतात. खप तासाला पंधरा ते अठरा लिटर, सेसनाच्या निम्मा. पंपावरून कॅन भरून आणला की उड्डाणाची तयारी झाली. पण या इंजिनाच्या निर्मात्याने पेट्रोलमध्ये इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असे सांगितले आहे, आणि देशातल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचे मिश्रण मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि जुन्या रबरी नळ्यांना आणि वॉशरांना ते सोसत नाही. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला घेता येते, विमान नाही. तेर-ढोकीच्या आसपासचा शेतकरी ऊस लावतो आणि त्या उसाचे इथेनॉल व्हावे अशी त्याची रास्त अपेक्षा असते. त्या धोरणाला इथे हरकत नाही. प्रत्येक धावपट्टीवर शंभर-दोनशे लिटर बिनइथेनॉलचे पेट्रोल नोंदवहीत सही घेऊन मिळण्याची सोय मात्र व्हायला हवी. इतक्या थोड्या पेट्रोलाने इथेनॉलच्या धोरणाला धक्का लागत नाही.

इंजिनाचा हिशोब हा या विषयाचा गाभा आहे. सेसना 172 च्या इंजिनाला निर्मात्याने सांगितलेली मर्यादा 2,000 तास किंवा 12 वर्षे अशी आहे, यांतले जे आधी येईल ते. त्यानंतर इंजिन उतरवून, सुटे करून, भाग बदलून पुन्हा जोडायचे. याला ओव्हरहॉल म्हणतात आणि त्याचा खर्च लाखांत मोजतात. आता एक मालक वर्षाला 50 तास उडतो असे धरले, आणि नोकरी-धंदा, पावसाळा, परवानग्या सांभाळून उडणाऱ्याला यापेक्षा जास्त जमत नाही, तर बारा वर्षांत 600 तास भरतात. उरलेले 1,400 तास न वापरताच जातात. इंजिन झिजलेले नसते, त्याची मुदत संपलेली असते.

त्यातही उभे राहिलेले इंजिन आतून खराब होत जाते. उडणाऱ्या इंजिनात तेल गरम होते आणि त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या इंजिनात तेल खाली उतरते, वरचे कॅम उघडे पडतात आणि त्यांवर गंजाची बारीक पुटकुळी धरते. पुढे विमान सुरू झाले की ती पुटकुळी वाळूच्या कणासारखी काम करते. म्हणून जाणते मेकॅनिक मालकाला सांगतात की महिन्यातून एकदा तरी तासभर उडवा. जमिनीवर पाच मिनिटे इंजिन फिरवून समाधान मानू नका, त्याने पाणी वाढते, कमी होत नाही. तेल दर 50 तासांनी किंवा चार महिन्यांनी बदलायचे. कमी उडणारा मालक चार महिन्यांच्या हिशोबाने जवळजवळ स्वच्छ तेल काढून टाकत राहतो, आणि तरी ते काढायचेच असते.

विमानाला उघड्यावर ठेवले तर ऊन रंग खाते, प्लास्टिकच्या काचा पिवळ्या पडतात, उंदीर वायरी कुरतडतात. हँगर असेल तर यांतले बरेच टळते, पण एक शत्रू हँगरमध्येही येतो. तो म्हणजे कुंभारीण माशी. संत गोरोबाकाका कुंभारांच्या तेरला चिखलाचे काम नवे नाही. ही माशीही ओल्या मातीचे गोळे तोंडात धरून आणते आणि अंधाऱ्या छिद्रात घर बांधते. विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे तोंड करून असते, तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब त्या नळीतून मोजला जातो आणि त्यावरून वेगाचा काटा हलतो. कुंभारणीला ही नळी फार पसंत पडते. एका दुपारी ती ज्वारीच्या दाण्याएवढा चिखल आत लावून जाते, आणि दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर विमान पळत असताना वेगाचा काटा शून्यावर राहतो. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेले बोइंग 757 समुद्रात पडले आणि 189 जण गेले. त्याची एक पिटो नळी बुजली होती आणि ती अशाच माशीच्या घराने बुजली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. ते विमान काही दिवस नळ्या न झाकता उभे होते. म्हणून लहान विमान उभे केल्यावर पहिले काम म्हणजे पिटो नळीवर खोळ घालणे. खोळीला लांब लाल फीत असते, ती वाऱ्यावर हलत राहते, आणि उडण्याआधी खोळ काढायची आठवण देते.

यानंतर कागद. खासगी वैमानिकाच्या परवान्याला वय 17, किमान 40 तासांचे उड्डाण, परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी लागते. विमानाला व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी, विमा, दर वर्षी उड्डाणयोग्यतेचा आढावा, रेडिओचा परवाना. यांतले बहुतेक जरूरीचे आहे आणि जगात सगळीकडे आहे. अमेरिकेतल्या लहान विमानांत दर लाख तासांमागे सुमारे एक प्राणघातक अपघात होतो; मोठ्या प्रवासी विमानांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. तेव्हा तपासणी ढिली करा, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-जीसीए या संगणकीय व्यवस्थेने परवान्यांच्या कामातल्या दिल्लीच्या चकरा कमी केल्या. जुना 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला.

अडचण आहे ती रोजच्या उड्डाणाच्या वाटेवर. धाराशिवहून निघून वीस किलोमीटरवरच्या तेरवर एक घिरटी घालून परत यायचे म्हटले, तरी उड्डाणाचा आराखडा द्यायचा, हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक मिळवायचा, उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक मिळवायचा. क्रमांक हातात येईपर्यंत पहाटेचा थंड, स्थिर वारा निघून जातो. आणि संध्याकाळी सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी डोळ्यांनी पाहून उडण्याची मुभा संपते. लहान विमानाचा दिवस मुळात तोकडा असतो. त्यातला सर्वांत चांगला तास फोनवर जातो. सीमेजवळच्या आकाशाला कडक नियम असावेत. बालाघाटच्या डोंगररांगेवर दीड हजार फुटांवरून जाणाऱ्या एकइंजिनी विमानासाठी ठरलेला पट्टा आणि ठरलेली वेळ एकदाच मंजूर करून ठेवता येईल.

मराठवाड्याचे हवामान स्वतःचा वेगळा कर घेते. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसवर गेला की हवा इतकी पातळ होते की विमानाच्या दृष्टीने ते सतराशे मीटर उंचीवर उभे असते. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर आहे. म्हणजे धाराशिवच्या धावपट्टीवर भर दुपारी उभे असलेले विमान कळसूबाईच्या माथ्याहून वरच्या हवेत उडायचा प्रयत्न करत असते. इंजिनाला हवा कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी; जमिनीवरची धाव समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ दीडपट होते. चार माणसे आणि भरलेली टाकी घेऊन अशा वेळी निघणे धोक्याचे असते. एक माणूस खाली ठेवायचा, नाहीतर इंधन कमी घ्यायचे, नाहीतर पहाट गाठायची. जूननंतर ढग खाली येतात आणि काळ्या मातीवरच्या धावपट्टीला भेगा आणि फुगवटे येतात. खऱ्या उड्डाणाचा काळ दिवाळीपासून होळीपर्यंत. वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ विमान बांधून ठेवायचे आणि विमा, हँगर, तपासणी बारा महिन्यांची भरायची.

इतके असून माणसे विमान का घेतात, आणि काही तर स्वतः का बांधतात? याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी करत त्यांनी कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. त्याआधी 2011 मध्येच त्यांनी नोंदणीसाठी अर्ज केला होता. नोंदणी झाली नोव्हेंबर 2017 मध्ये, व्हीटी-एनएमडी या नावाने. पुढच्या चाचण्या 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. गच्चीवर पत्रा कापण्यापेक्षा कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहण्यात जास्त वर्षे गेली नसतील, पण जी गेली ती वाचवता आली असती. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना 1953 पासून आहे. अर्ध्याहून जास्त काम स्वतःच्या हाताने केले असेल तर हौशी बांधणी म्हणून विमानाची वेगळी नोंद होते, आणि एका कंपनीच्या सुट्या भागांपासून लोकांनी घरी बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. प्रत्येकावर ‘प्रायोगिक’ असे लिहिलेले असते, सुरुवातीचे तास ठरलेल्या आकाशातच उडायचे असतात, आणि आत बसणाऱ्याला जोखीम ठाऊक असते. यादव यांच्या अनुभवानंतर भारतातही अशी सरळ, पायऱ्या ठरलेली वाट असायला हवी होती. लोहारकाम, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती आणि आता ड्रोन शिकणारी मुले धाराशिव-लातूरच्या आयटीआयमध्ये आहेत. विमान बांधायचे म्हटले तर त्यांना कोणत्या खोलीत अर्ज द्यायचा, हे सांगणारा एक पानाचा कागदही खूप काम करील.

या सगळ्याचा मोबदला सकाळी सहाला मिळायला लागतो. थंडीचे दिवस, गवतावर दव, पूर्वेला नुसता उजेड. मालक विमानाभोवती ठरलेल्या क्रमाने फिरतो: पंख्याच्या पात्यावरून तळहात फिरवून दगडाने पडलेली खाच शोधायची, चाकाचा दाब पाहायचा, शेपटीचे बिजागर हलवायचे, पिटोची खोळ काढून आत फुंकर न मारता नुसते पाहायचे. मग पंखाखालच्या झडपेला पारदर्शक पेला लावून इंधन काढायचे. अ‍ॅव्हगॅसला फिकट निळा रंग दिलेला असतो. रात्रीच्या गारव्याने टाकीत पाणी धरले असेल तर ते पेल्याच्या तळाशी मण्यासारखे वेगळे दिसते, निळ्यात बिनरंगी, आणि पेला हलवला की घरंगळते. मणी दिसला तर ओतून टाकायचे आणि पुन्हा काढायचे, नितळ निळे येईपर्यंत. भाड्याच्या विमानातही हे करतात. पण रोज तोच पेला, त्याच झडपेची तीच चिकट सुरुवात, आणि इंजिन सुरू होताना तिसऱ्या फेऱ्यातली तीच ओळखीची खोकल्यासारखी उबळ, हे स्वतःच्या विमानातच होते. त्या आवाजात काही बदलले तर मालकाला कोणी सांगण्याआधी कळते, आणि त्याने कित्येक अपघात टळलेले आहेत.

वर गेल्यावर मुलूख वेगळा दिसतो. बालाघाटचा पठारी माथा जिथे संपतो तिथे तुळजापूर कड्याशी बसले आहे. रस्त्याने येताना घाट चढला एवढेच जाणवते, वरून मात्र देवीने ही जागा का धरली ते ध्यानात येते. नळदुर्गाचा किल्ला बोरी नदीला आत घेऊन बसला आहे. ईशान्येला तेरणा वळसे घेत जाते, धरणाचे पाणी चमकते, आणि नदीकाठी तेरच्या पांढऱ्या दिसतात, म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी मातीची टेकाडे, भोवतीच्या काळ्या रानातून उठून दिसणारी. त्यांतून निघालेल्या वस्तू गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. जमिनीत भिंत पुरलेली असेल तर तिच्यावरचे पीक खुरटे येते आणि जुना खंदक असेल तर तिथे जोमाने येते. उभ्या पिकातली अशी रेघ बांधावरून दिसत नाही, आकाशातून दिसते. इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ क्रॉफर्ड यांनी 1920 च्या दशकात लहान विमानातून हेच पाहून कित्येक प्राचीन वस्त्या शोधल्या. तगरची वेस कुठवर होती, तिच्या वाटा कुठून फुटत होत्या, हे शाळूच्या दिवसांत तिरप्या उन्हात वरून पाहावे असे काम आहे, आणि त्यासाठी ताशी आठशे किलोमीटरचे विमान कामाचे नाही.

दुपारी अकरानंतर काळ्या रानातून गरम हवेचे खांब उठतात आणि विमान उसळ्या घेऊ लागते. त्या खांबांत घारी पंख न हलवता चढत असतात. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात शिकणाऱ्यांना घारीकडे लक्ष ठेवायला सांगतात, कारण घार जिथे फिरते तिथे वर जाणारी हवा असते. मराठवाड्याचे उन्हाळी आकाश अशा बिनइंजिनी उड्डाणासाठी फार श्रीमंत आहे.

हा आनंद थोड्यांपुरता राहावा असे काही नाही. मुंबई फ्लाइंग क्लब 1928 मध्ये जुहूला निघाला तेव्हापासून भारतात विमान वाटून घेण्याची रीत आहे. टाटांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळाला, तेव्हा उड्डाण म्हणजे क्लबाचे विमान आणि क्लबाचा मेकॅनिक हेच होते. पाच जणांनी मिळून एक विमान घेतले आणि प्रत्येकाने वर्षाला 50 तास वापरले, तर इंजिनाचे 2,000 तास आठ वर्षांत पुरे होतात. एकही तास गंजून जात नाही. किंमत पाचात विभागते, विमा आणि हँगर पाचात, बॅरलची गाडी पाच जणांसाठी येते, आणि विमान आठवड्यातून चार-पाच वेळा हलते म्हणून कुंभारणीला घर बांधायला सवड मिळत नाही. अमेरिकेत सुमारे दोन लाख लहान-मोठी खासगी विमाने आणि सर्वांना खुल्या सुमारे पाच हजार धावपट्ट्या आहेत. तिथे अशी भागीदारी नित्याची आहे आणि तिचे छापील करारनामे मिळतात. सहकाराची सवय मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. साखर, सूत, दूध, पतपेढी यांचे पोटनियम गावोगावी पाठ आहेत. सामाईक विमानाचा नमुना पोटनियम विमान वाहतूक महासंचालनालयाने तयार करून दिला, आणि अशा संस्थेच्या विमानाला वैयक्तिक वापराच्या रकान्यातून बाहेर काढले, तर कराचा आणि इंजिनाचा असे दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात.

राहता राहिली धावपट्टी. राज्य शासनाने 2009 मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) हे पाच विमानतळ दीर्घ भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे दिले. प्रवासी विमाने येतील असे तेव्हा लोकांना सांगितले गेले. लहान विमानाला प्रवासी इमारत, सरकते पट्टे, काचेची दालने यांतले काही लागत नाही. गुरे आत येणार नाहीत असे कुंपण लागते. वाऱ्याची दिशा दाखवणारी धड कापडाची नळी लागते. फाटलेली नळी वाऱ्याबद्दल खोटे सांगते. विमान बांधायला काँक्रीटमध्ये रोवलेल्या सहा-आठ लोखंडी कड्या लागतात, कारण वळवाच्या वावटळीत न बांधलेले सेसना उलटे पडते. इंधनाचे दोन-चार बॅरल ठेवायला पत्र्याची हवेशीर शेड आणि वाळूच्या बादल्या लागतात. आठवड्यातून दोन दिवस येणारा परवानाधारक अभियंता लागतो. तो धाराशिव आणि लातूर मिळून एक असला तरी चालेल. आणि सकाळी सहाला फाटक उघडणारा, संध्याकाळी सूर्यास्ताची वेळ फलकावर खडूने लिहिणारा एक माणूस लागतो.

एवढे धाराशिवला मिळावे, ही या पत्राची विनंती आहे.



तेर, ता. व जि. धाराशिव